बिरादारांचा पट आणि वाऱ्याचा कायदा

उदय मेहेंदळेला या उद्योगातून काय मिळायचं होतं ते आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणाला त्याच्याविषयी उगाच कळवळा वाटायला नको. त्याला मिळायचा होता बुद्धिबळाचा एक डाव. सासऱ्याविरुद्ध जिंकलेला, साक्षीदारांसमक्ष, आणि शक्य तर जेवणाआधी. त्याच्या जोडीला थोडी वरकड प्राप्ती होती. ‘जावईबापू’ हा शब्द आबासाहेब बिरादार ज्या सुरात उच्चारतात (दुकानदार ‘सुटे नाहीत’ म्हणतो तो सूर) तो सूर बदलणार होता. आणि परतीच्या वाटेवर रंजना ‘हरलास?’ ऐवजी ‘जिंकलास?’ असं विचारणार होती. खर्चाच्या बाजूला उदयने काहीच मांडलं नव्हतं. पुण्याहून हैदराबादला येऊन सॉफ्टवेअरमध्ये चांगला वर चढलेला माणूस. खर्चाची बाजू कोरी सोडून कामाला लागायची सवय त्याला कंपनीतच लागली होती.

दर रविवारी सकाळी उदय आणि रंजना चिक्कडपल्लीहून गौलीगुड्याला तिच्या माहेरी जात. डाव संपेपर्यंत थांबायचं आणि संपला की निघायचं, असा नवराबायकोचा अलिखित करार होता. नाहीतर माहेरचा रविवार सोमवारपर्यंत लांबतो, हे रंजनाच स्वतः म्हणायची.

आबासाहेब मूळचे बिदरकडचे. वडिलार्जित शेती भावांच्या हवाली करून हैदराबादला आले आणि उभा जन्म वीज खात्यात काढला. तरी घरच्या पंख्याचा रेग्युलेटर त्यांनी कधी दुरुस्त केला नाही. त्या पंख्याला दोनच अवस्था ठाऊक होत्या, बंद आणि तुफान. हैदराबादचा उन्हाळा असा की बंद परवडत नाही. म्हणून डाव तुफानातच व्हायचा.

आता आबांचा पट. तो निजामाच्या काळातला, असं घरात सगळे म्हणत. नक्की कुणालाच ठाऊक नव्हतं, पण आबांच्या वडिलांच्या हातचा होता यात शंका नव्हती. मोहरे लाकडी, सुरेख कातलेले, आणि वाळलेल्या भोपळ्यासारखे हलके. पंखा सुरू झाला की आधी प्यादी डुलायची, मग उंट झुकायचे, मग एखादा घोडा सरळ आडवा व्हायचा. यावर बिरादारांच्या घरात पिढीजात कायदा होता. पडलेला मोहरा ज्याला आधी दिसेल त्याने ‘हवा!’ म्हणून ओरडायचं, आणि घरातल्या ज्येष्ठाने तो उचलून, तो जिथे होता असं त्याला आठवतं तिथे उभा करायचा. आठवण ज्येष्ठाची. अपील नाही.

“आबा, तुमचा घोडा तिकडे नव्हता,” उदय म्हणायचा.

“तिकडंच होता की. तुमी चहा पीत होते.”

“चहा पितानाही मी पटाकडेच बघत होतो.”

“मंग चहाकडं कोण बगत होतं? सांडला बगा.”

उदय सदऱ्यावरचा चहा पुसेपर्यंत घोडा नव्या घरात संसार थाटून बसलेला असे. असे दर डावाला चार-सहा अपघात व्हायचे. डाव जेवणाच्या अलीकडे सुरू व्हायचा, जेवणापलीकडे जायचा, आणि उन्हं उतरताना उदय हरायचा. आपल्याला आबा हरवत नाहीत, आबांचा पंखा हरवतो, हे त्याचं पक्कं मत झालं होतं. एकदा त्याने सुलतान बाजारातून चुंबकाचा पट आणून सासऱ्याला भेट दिला. “प्रवासाला बरा हाय,” असं म्हणून आबांनी तो कपाटात ठेवला, आणि त्यानंतर आजतागायत प्रवास केला नाही.

मग एके दिवशी उदयने फोनवर एक व्हिडिओ पाहिला. कुणीतरी परदेशी माणूस जुन्या लाकडी मोहऱ्यांच्या बुडाचं कापड काढतो, खाली भोक पाडतो, त्यात शिसं भरतो आणि पुन्हा कापड चिकटवतो. मोहरा ढकलला तरी डुलतो आणि परत उभा राहतो. त्या माणसाने सगळं काम इतक्या शांतपणे केलं की एकदा शिंकलासुद्धा नाही. उदयने व्हिडिओ तीनदा पाहिला आणि वाऱ्याचा कायदा रद्द करायचं ठरवलं.

“आबा, पट जरा स्वच्छ करून आणतो. पॉलिश वगैरे.”

आबांनी पटावर हात ठेवला. “पॉलिश करा. दुसरं काई करू नका.”

“दुसरं काय करणार?”

“ते तुमालाच ठावं. कम्पुटरचे लोक हातात आलं की पयलं खोलून बगतात.”

सासूबाईंनी, म्हणजे तारामतींनी, मोहऱ्यांचा डबा टॉवेलात गुंडाळला आणि दारापर्यंत सोडायला आल्या. रंजनाच्या पाठवणीला त्या एवढ्या गंभीर नव्हत्या.

घरी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून उदयने मोहरे मांडले, आणि इथे त्याचं सूडाचं गणित थोडं बिघडलं. कारण त्याला कुतूहल वाटायला लागलं. पहिल्या प्याद्याचं हिरवं बनातीचं कापड सोललं तर खाली लाल कापड. लाल सोललं तर खाली खाकी, थेट पोलिसाच्या गणवेशाचं वाटावं असं. काळ्या हत्तीचा मोडलेला बुरूज कुणीतरी लाखेने जोडला होता. पांढऱ्या राजाला लोणच्याचा वास येत होता, काळ्याला तंबाखूचा. म्हणजे कोण कुठल्या बाजूने खेळायचं, याचा हा पुरावा होता तर! एका पांढऱ्या प्याद्याच्या डोक्यावर बारीक खळगे होते, बहुधा किडीचे. उदयने ते लाकडाच्या भुशाने आणि डिंकाने इतके सफाईने बुजवले की स्वतःवरच खूष झाला.

तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधल्या इंदुताई विरजण मागायला आल्या. इंदुताईंना विरजण हवं असतं तेव्हा त्या हातात वाटी आणत नाहीत, यावरून काय ते समजावं.

“अगो बाई, रुखवत मांडलंय की काय? किती मळलेत हे! रिठ्याच्या पाण्यात भिजत घाला. माझ्या आजीच्या पैठणीचा जर कसा निघाला, नवा कोरा.”

“लाकडाला रिठा चालतो?”

“रिठा कशाला चालत नाही ते सांगा.”

या प्रश्नाला उत्तर नसल्यामुळे उदयने सगळे मोहरे एकाच बादलीत भिजत घातले. सकाळी बादलीत चहा झाला होता. काळ्यांचा रंग सुटला आणि पांढऱ्यांनी तो पत्करला. दोन्ही फौजा एकसारख्या तपकिरी होऊन टॉवेलवर निथळत पडल्या, निवडणुकीनंतर सगळे एकाच पक्षात गेल्यासारख्या.

“आता ओळखायचे कसे?” रंजना म्हणाली.

“आबांना आठवेल,” उदय कडवटपणे म्हणाला.

पांढरे त्याने वासावरून वेगळे काढले आणि पॉलिशकागदाने घासून पांढरे केले. काळ्यांसाठी पुन्हा इंदुताई धावून आल्या. “बुटाचं पॉलिश नको, हाताला लागतं. माझा कलप घ्या. केसाला बसतो, लाकडाला का बसणार नाही?” इंदुताईंचे केस खरोखरच ठसठशीत काळे होते. उदयने ब्रशने अख्ख्या फौजेला कलप लावला, वेष्टणावर लिहिलंय म्हणून अर्धा तास ठेवला आणि कोमट पाण्याने धुतला.

आता राहिलं शिसं. ते कुठे मिळतं? सुलतान बाजारात चौकशी करत करत तो एका बोळातल्या गळ-दोऱ्यांच्या दुकानात पोचला. गळाला बांधायच्या शिशाच्या गोळ्या तिथे होत्या.

“कां पकडते मच्छी? तालाब पे?” कुठे मासे धरता, असं दुकानदाराने विचारलं.

“नहीं, शतरंज में डालना है.”

दुकानदाराने गोळ्या मोजायच्या थांबवल्या. “शतरंज में मच्छी आती?”

“मच्छी नहीं. हवा आती है.”

“हौ,” दुकानदार म्हणाला आणि पुढे काही विचारलं नाही. धंद्यात काही गिऱ्हाइकांना लवकर मोकळं करावं लागतं, हे त्याला कळत असावं.

परत येताना जिन्यात इंदुताई भेटल्या आणि त्यांनी पुडीवरचं माशाचं चित्र पाहिलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या सोसायटीला कळलं की मेहेंदळे मासे धरायला लागले.

दुसऱ्या दिवशी उदयने ड्रिल चालवलं. पहिलंच भोक प्याद्यातून आरपार जाऊन रंजनाच्या सागवानी टेबलात शिरलं. तो त्या भोकाकडे पाहत असतानाच बेल वाजली. दारात कुलदीपराव होते, सोसायटीचे सेक्रेटरी. निवडणूक होत नाही म्हणून ते वर्षानुवर्षं सेक्रेटरी होते, आणि ते सेक्रेटरी आहेत म्हणून निवडणूक होत नव्हती.

“मेहेंदळे, ड्रिलचा आवाज आला. भिंतीला भोक पाडायचं तर आधी कमिटीला कळवायचं असतं.”

“भिंतीला नाही हो. प्याद्याला.”

“प्यादं कुठे आहे?”

“टेबलावर.”

“टेबल कुठे आहे?”

“घरात.”

“घर सोसायटीत आहे,” कुलदीपराव म्हणाले. आबांनीही उदयला इतक्या कमी चालींत कधी मात दिली नव्हती.

पार्किंगमध्ये बैठक बसली. आधी माशांचा विषय निघाला आणि शाकाहारी मजल्यांनी निषेध नोंदवला. उदयने खिशातून उंट काढून दाखवला. मग शिशाचा विषय निघाला. शिसं वितळवणार का? धूर होईल का? लिफ्टला किती वजन पेलतं? एका घोड्यासाठी लिफ्टच्या मेकॅनिकला बोलवायचं ठरत होतं, ते कसंबसं टळलं. शेवटी निर्णय असा झाला की भोकं गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी पाडावीत, सेक्रेटरींच्या देखरेखीखाली.

देखरेख म्हणजे काय, हे उदयला गच्चीवर कळलं. कुलदीपराव खुर्ची घेऊन आले. पहिल्या हत्तीपर्यंत ते गप्प होते. दुसऱ्या हत्तीला त्यांनी मोहरा हातात घेऊन पाहिला. उंटांना पोचेपर्यंत ते स्वतःच गोळ्या भरत होते आणि उदय देखरेख करत होता.

“राजाला जास्त भरा,” ते म्हणाले. “खुर्ची जड असली की माणूस हलत नाही.” हे ते अनुभवावरून बोलत होते. पांढऱ्या वजिराचं बूड त्यांच्या हातून तडकलं, तेव्हा त्यांनी तो रबरबँडने बांधून उन्हात ठेवला आणि उदयकडे न बघता म्हणाले, “हे मिनिट्समध्ये नको.”

रंजना आदल्या दिवशीच गाडी घेऊन माहेरी गेली असल्यामुळे रविवारी उदय डबा घेऊन मेट्रोने निघाला. स्टेशनवर तपासणीच्या यंत्रातून डबा गेला आणि पट्टा थांबला. पडद्यावर बत्तीस काळेकुट्ट ठिपके, ओळीने.

“अंदर क्या है?”

“शतरंज. हर एक में सीसे की गोलियाँ भरी हैं,” उदयने खरं ते सांगितलं. काही वाक्यं खरी असली तरी स्टेशनवर बोलू नयेत. त्याला बाजूच्या बाकावर बसवलं गेलं. वरिष्ठ आले, त्यांचे वरिष्ठ आले. एका मोहऱ्याचं बूड उघडून दाखवावं लागलं. शेवटी त्यांच्यातल्या सगळ्यांत मोठ्या साहेबांनी काळा वजीर तळहातावर तोलला.

“वजन मस्त है, साब,” ते म्हणाले.

एवढ्या दिवसांत मिळालेलं हे पहिलं कौतुक. साहेबांची बोटं काळी झालेली त्याला दिसली, तसा त्याने वजीर परत घेऊन डबा झटपट बंद केला.

गौलीगुड्याला सगळे जमले होते. आबांनी डबा उघडला, एक मोहरा उचलला आणि त्यांचा हात खाली गेला.

“जड झालंय.”

“पॉलिशचं वजन असतं, आबा.”

“पॉलिशचं,” आबा म्हणाले.

उदयने स्वतः उठून पंखा लावला. तुफान सुटलं. कॅलेंडर फडफडलं, वर्तमानपत्र उडून दिवाणाखाली गेलं, तारामतींचा पदर उडाला. पट जागचा हलला नाही. बिरादारांच्या घरात पहिल्यांदाच वारा आला आणि गेला, आणि कुणी ‘हवा!’ म्हणून ओरडलं नाही. उदयने छाती भरून श्वास घेतला आणि राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे सरकवलं.

चहा उकळायच्या आत तो हरला.

“सुरुवातीला जरा हात बसला नव्हता,” तो म्हणाला. पुन्हा मांडला. चहा निवायच्या आत पुन्हा हरला. तिसऱ्या डावात त्याने अतिशय विचार केला, त्यामुळे थोडा लवकर हरला. त्याच्या वजिराची वाट घोड्याने अडवली, उंटाने शह दिला, आणि हत्ती येऊन दार लावून गेला. आबा जिंकत होते, पण डावागणिक त्यांचा चेहरा पडत होता. विचार करताना त्यांना मिशी कुरवाळायची सवय होती. पांढरीशुभ्र मिशी आता अर्धी काळी झाली होती, डावीकडून.

तारामती पदराला हात पुसत बाहेर आल्या. “झालं? येवढ्यात? कुकर तर लावला नाई अजून.”

रंजनाने सवयीने पर्स उचलली. “झालं असेल तर निघू या का रे? जेवण घरीच करू. उद्याचं प्रेझेंटेशन आहे माझं.”

आबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग पटाकडे. कुणी एक प्यादं तरी पाडावं अशा नजरेने त्यांनी पंख्याकडे पाहिलं.

“हलके होते तेच बरं होतं हो, जावई,” तारामती म्हणाल्या. “वाऱ्यानं पडायचे, ह्येंला आठवायला यायचं. डाव संपला की तुमी रंजीला घिऊन निघता. तवा ह्येंला लै आठवायचं.”

“तू आत जा गं,” आबा म्हणाले.

निघायला उठलेला उदय पुन्हा खाली बसला. त्याला तो घोडा आठवला, ज्याच्यावरून त्याने सदऱ्यावर चहा सांडून घेतला होता. आबांनी तो कुठे ठेवला होता? उदयच्या उंटाच्या तोंडात. आणि तो हत्ती? कोपऱ्यात, कुणाच्याच उपयोगाचा नाही असा. इतकी वर्षं तो ज्याच्यावरून भांडत आला, ती सगळी त्याला मिळालेली भिक्षा होती. आणि तीसुद्धा त्याला दिसली नव्हती, कारण तो चहा पीत होता.

आबा मोहरे डब्यात ठेवू लागले. पांढरी प्यादी एक एक करून बोटांनी चाचपत होते. सगळी चाचपून झाली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

“रंजीचे दात कुठंयत?”

“काय?”

“ह्या प्याद्यावर रंजीचे दात होते. पयले दोन दात आले तवा चावलं होतं तिनं. तिच्या आजीनं हिसकून घेतलं तर घर डोक्यावर घेतलं.” त्यांनी गुळगुळीत डोकं अंगठ्याने घासून पाहिलं. “पॉलिश करा म्हणलो होतो.”

उदयने आपल्या सफाईदार हाताकडे पाहिलं. कीड! त्याने भुसा आणि डिंक भरून बायकोचं बालपण बुजवलं होतं.

रंजनाने पर्स ठेवली. आबांच्या हातातलं प्यादं घेतलं, दोन्ही बाजूंनी बघितलं, आणि कचकन चावलं.

“अगं, शिसं आहे त्यात!” उदय ओरडला.

“ते बुडाला आहे. मी डोकं चावतेय.” तिने दुसऱ्या बाजूने आणखी एकदा चावलं, प्यादं पदराने पुसलं आणि बापाच्या हातावर ठेवलं. “घ्या आबा. आता दाढापण आहेत.”

आबा हसायला लागले, ते अर्ध्या काळ्या मिशीसकट. तारामतींनी बाहेर येऊन ती मिशी पाहिली आणि त्या हसून हसून दाराला धरून खाली बसल्या. त्या दिवशी कुकर लागला, पण जेवण झाल्यावर पट पुन्हा निघाला नाही. निघताना आबा दारापर्यंत आले नाहीत. मिशी धूत होते.

पुढच्या आठवड्यात उदय पुन्हा गच्चीवर गेला. भरायची परवानगी होती, रिकामं करायची नाही, असं म्हणत कुलदीपरावही खुर्ची घेऊन आले. उदयने फक्त पांढऱ्यांची बुडं उघडली, शिसं काढलं, भोकं बुजवली आणि कापड चिकटवलं. काळ्यांना हात लावला नाही.

“एकच बाजू?” कुलदीपरावांनी विचारलं. “मग वाऱ्याने पांढरेच पडणार.”

“पडू देत.”

“तुम्ही कुठल्या बाजूने खेळता?”

“पांढऱ्या.”

कुलदीपरावांनी खुर्ची उचलली. “हेही मिनिट्समध्ये नको,” ते म्हणाले.

रविवारी पंखा लागला आणि उदयचं एक प्यादं आडवं झालं. तेच, दात असलेलं.

“हवा!” उदय ओरडला. इतक्या आनंदाने त्या घरात हा शब्द आजवर कुणी उच्चारला नव्हता.

आबांनी प्यादं उचललं. हातात तोललं. मग शेजारचा काळा उंट तोलला. बुडाचं कोरं कापड पाहिलं, आणि नंतर जावयाकडे पाहिलं.

“कुठं होतं हो हे, जावईबापू?”

“ते तुम्हालाच आठवेल आबा. ज्येष्ठ तुम्ही.”

आबांनी डोळे बारीक करून अंमळ आठवलं, आणि प्यादं होतं त्याच्या एक घर पुढे ठेवलं. तारामतींनी आतून विचारलं, कुकर लावू का? “घाई काय हाय,” आबा म्हणाले.

तर हिशेब असा. इंदुताईंचा कलप गेला, पण पांढऱ्यांतून निघालेल्या शिशाच्या गोळ्या त्यांनी मागून नेल्या आणि पडद्याच्या काठात शिवल्या. त्यांचा पडदा आता उडत नाही, त्यामुळे समोरच्या घरातलं काही दिसत नाही म्हणून त्या विरजण मागायला पूर्वीपेक्षा जास्त येतात. रंजनाचं टेबल आरपार गेलं. त्या भोकावर आमटीचं पातेलं ठेवायचा नियम झाला आहे. आबांची मिशी पांढरी व्हायला दिवाळी उजाडली. कुलदीपरावांचं काहीच गेलं नाही. त्यांचं कधीच जात नाही. बाकी सगळी भरपाई पांढऱ्यांनी केली. ते दर रविवारी आडवे होतात, उभे राहतात, भलत्या घरात जाऊन बसतात, आणि दिवेलागण झाल्यावर हरतात. ‘जावईबापू’ या शब्दातला सूर बदलला आहे, असं उदयला वाटतं. जिन्यातून उतरताना रंजना अजूनही ‘हरलास?’ असंच विचारते.

“हरलो,” उदय म्हणतो, “पण बघ, अंधार पडला.”